हुकूमशाहीतल्या धनाढ्यांचे राजकीय वजन कसे जोखावे

एखाद्या एकाधिकारशाहीत अमुक उद्योगपतीच्या खिशात सरकार आहे, असे वाचनात आले की त्याच्या संपत्तीचा आकडा आधी बाजूला ठेवावा आणि ती संपत्ती त्याच्याकडे कोणत्या वाटेने आली, हे पाहावे. १९९५ मध्ये रशियात अध्यक्ष येल्त्सिन यांच्या सरकारने कर्जाच्या बदल्यात सरकारी कंपन्यांचे समभाग गहाण टाकले आणि नोरिल्स्क निकेल ही धातूकंपनी आणि युकोस, सिबनेफ्त या तेलकंपन्या मोजक्या बँकमालकांच्या हाती जवळपास कवडीमोलाने गेल्या. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी आपला पैसा आणि वाहिन्या येल्त्सिन यांच्या निवडणुकीमागे उभ्या केल्या. तेव्हा सत्तेलाच त्यांची गरज होती, त्यामुळे ते वजन खरे होते.

त्यानंतर, सत्ताधीशाला न रुचणारे कोणी बोलले तेव्हा पुढे काय घडले, ते तारखांसह मांडावे. फेब्रुवारी २००३ मध्ये क्रेमलिनमधल्या बैठकीत, कॅमेऱ्यांसमोर, युकोसचे मिखाईल खोदोर्कोव्स्की यांनी सरकारी तेलकंपनी रोसनेफ्तच्या एका खरेदीवर पुतिन यांच्यादेखत बोट ठेवले. ऑक्टोबरमध्ये नोवोसिबिर्स्कच्या विमानतळावर त्यांना अटक झाली. डिसेंबर २००४ मध्ये थकीत करापोटी युकोसची मुख्य तेल-उत्पादक कंपनी लिलावात निघाली. ती त्वेर शहरात नोंदलेल्या, कोणाच्याही ऐकिवात नसलेल्या एका कंपनीने घेतली आणि काही दिवसांतच ती कंपनीच रोसनेफ्तने विकत घेतली. अर्थात सगळे खापर त्या एका बैठकीवर फोडू नये, कारण खोदोर्कोव्स्की विरोधी पक्षांनाही पैसा पुरवत होते.

जाहीर प्रसंगी कोण कोणाला झुकवतो, हेही टिपावे. जून २००९ मध्ये पिकाल्योवो या रशियन गावातील बंद कारखान्यांच्या प्रश्नावर पुतिन यांनी अब्जाधीश ओलेग देरिपास्का यांना दूरचित्रवाणीसमोर करारावर सही करायला लावली आणि वर आपले पेन परत मागितले.

नवख्या अभ्यासकाची गल्लत होते ती शेवटच्या पायरीवर. कंत्राट मिळणे आणि धोरण ठरवणे या दोन गोष्टींचे रकाने वेगळे ठेवावेत. पुतिन यांचे तरुणपणापासूनचे ज्यूदोमधले जोडीदार अर्कादी रोटेनबर्ग यांच्या कंपनीला २०१५ मध्ये क्रिमियाच्या पुलाचे काम मिळाले, हे पहिल्या रकान्यात जाते. युक्रेनकडून क्रिमिया बळकावण्याचा निर्णय मात्र त्याआधीच, २०१४ मध्ये झालेला होता, आणि तो रोटेनबर्ग यांच्या नावावर मांडण्यास काही आधार नाही.