चमचाभर साखरेत किती रेणू? मोलने मोजायची रीत

हार्डवेअरच्या दुकानात खिळे कोणी एकेक मोजून देत नाही, तराजूत घालून देतात. एका खिळ्याचं वजन ठाऊक असलं की पाव किलोत किती खिळे आले ते घरबसल्या सांगता येतं. मोल म्हणजे हीच युक्ती, खिळ्यांच्या जागी अणू-रेणू. शाळेत सूत्र आधी पाठ होतं आणि तराजू डोळ्यांसमोर येतच नाही, म्हणून हा धडा अनेकांना अवघड वाटतो. आपण चमचाभर साखर घेऊनच बसू.

पायरी १: मोलची संख्या ओळखीची करून घ्या. डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे ६०२२ आणि पुढे २० शून्यं. (२०१९ पासून ही संख्या नेमकी ठरवून दिली आहे: ६०२२१४०७६ आणि पुढे १५ शून्यं.) हिला अॅव्होगॅड्रो अंक म्हणतात, पण तो इटालियन शास्त्रज्ञ अॅव्होगॅड्रो यांनी काढलेला नाही. त्यांचं नाव त्याला १९०९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेरँ यांनी दिलं.

एवढी विचित्र संख्या कशाला, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायलाच हवा. उत्तर सुंदर आहे. कार्बनच्या अणूचं अणुवस्तुमान (म्हणजे इतर अणूंच्या तुलनेत त्याचं वजन) १२, तर एक मोल कार्बन भरतो १२ ग्रॅम. ऑक्सिजनचं १६, तर एक मोल अणू १६ ग्रॅम. अणुवस्तुमानांच्या तक्त्यातला आकडा तसाच ग्रॅममध्ये वाचता यावा, एवढ्यासाठीच ही संख्या निवडलेली आहे.

पायरी २: एका मोलचं वजन काढा. साखरेच्या एका रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन असतात. कार्बनचे १४४, हायड्रोजनचे २२, ऑक्सिजनचे १७६, मिळून ३४२. म्हणजे ३४२ ग्रॅम साखर घेतली की एक मोल झाला. डब्यात ओतून बघा, साधारण दीड-दोन वाट्या भरेल.

पायरी ३: वजन करा आणि भागा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी रिकामी वाटी ठेवून शून्य करा, मग साखर घाला. समजा ५ ग्रॅम भरली. ५ भागिले ३४२, म्हणजे ०.०१४६ मोल.

पायरी ४: आता अॅव्होगॅड्रो अंकाने गुणा. येतात ८८ आणि पुढे २० शून्यं, इतके रेणू.

पायरी ५: नक्की काय मोजताय ते लिहून ठेवा. चुका होतात त्या इथेच. वर मोजले ते रेणू. प्रत्येक रेणूत ४५ अणू आहेत, तेव्हा अणू हवे असतील तर ४५ ने गुणा: ३९६ आणि पुढे २१ शून्यं. नुसतं ‘एक मोल ऑक्सिजन’ म्हटलं तर अणूंचा की रेणूंचा? अणूंचा असेल तर १६ ग्रॅम, रेणूंचा असेल तर ३२. मिठात तर वेगळे रेणू नसतातच, सोडियम आणि क्लोरीनचे आयन (विद्युतभार असलेले अणू) एकमेकांना धरून असतात. तिथे अशा जोड्या मोजायच्या, एका मोल जोड्यांचं वजन ५८.५ ग्रॅम.

हा हिशेब फक्त परीक्षेपुरता नाही. चुन्याच्या भट्टीत चुनखडी भाजतात, तेव्हा तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. चुनखडीच्या एका मोलचं वजन १०० ग्रॅम, चुन्याचं ५६, वायूचं ४४. एका मोल चुनखडीतून चुना एकच मोल मिळतो, तेव्हा १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना निघायला हवा. भट्टीतला माल ६० किलो भरला, तर आतला दगड अजून पुरता भाजलेला नाही.