ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करायचंय? आधी थंड करा

ओव्हरक्लॉक म्हणजे कार्ड कंपनीने ठरवलेल्या स्पीडच्या वर चालवणं, पण त्यासाठी आफ्टरबर्नर (कार्डाची सेटिंग बदलायचं ॲप) उघडून लगेच स्लायडर ओढायला जाऊ नका. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० सारखं कार्ड फुल लोडवर ४५० वॉटपर्यंत खातं आणि ते सगळं शेवटी उष्णता होऊन कॅबिनेटमध्येच सुटतं, मग आतली हवाच गरम असेल तर कार्डवर कितीही भारी कूलर असू दे, तो तरी बिचारा काय करणार. चेक करणं सोपं आहे, एखादा जड गेम वीसेक मिनिटं चालवा, तापमान एका जागी थांबलं की कॅबिनेटचं साइड पॅनल काढा. पाच-सहा अंश किंवा जास्त उतरलं तर कार्डला दोष देऊ नका, एअरफ्लो सुधारा. समोरून आणि जमलं तर खालून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, बस.

आता आकडे बघा, आणि नुसतं जीपीयू टेम्परेचर बघून खूश होऊ नका. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या ॲपमध्ये हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि मेमरी जंक्शन (मेमरी चिपच्या आतलं तापमान) पण दिसतं (काही नवीन कार्डांवर हॉटस्पॉट दाखवत नाही, ते सोडा). मेन तापमान आणि हॉटस्पॉटमध्ये १०-१५ अंशांचा फरक नॉर्मल आहे, पण २५ च्या वर गेला तर चिप आणि कूलरमधली थर्मल पेस्ट कडेला सरकलीये किंवा कूलर नीट दाबून बसलेला नाही. जीडीडीआर६एक्स मेमरी (३०९०, ४०९० वर असते ती) ११० अंशांच्या आसपास स्वतःच स्पीड कमी करते. ३०९० ला तर २४ पैकी १२ मेमरी चिप मागच्या बाजूला आहेत, त्यांना फक्त बॅकप्लेटचा आधार, म्हणून तिथे मागून एक पंखा सोडला तरी चांगला फरक पडतो.

पेस्ट बदलणार असाल तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा. थर्मल पॅडची (मेमरी चिप आणि कूलरमधल्या मऊ पट्ट्यांची) जाडी मूळ होती तेवढीच घ्या, जाड पॅड लावले की कूलर वर उचलला जातो आणि चिपला टेकतच नाही, मेमरी थंड आणि कोअर (मुख्य चिप) गरम असा उलटा प्रकार होतो. माझं मत विचाराल तर साध्या पेस्टपेक्षा पीटीएम ७९५० सारखी फेज चेंज शीट (गरम झाली की मऊ होऊन पसरणारी) लावा, ती पेस्टसारखी कडेला सरकत नाही. लिक्विड मेटलच्या नादी लागू नका, त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं आणि वीजवाहक असल्यामुळे थेंब सांडला की कार्ड गेलं समजा.

एवढा खटाटोप कशाला, तर एनव्हिडियाचं कार्ड तापत गेलं की १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी क्लॉक (चिपचा स्पीड) खाली आणतं, म्हणजे नुसतं थंड ठेवलं तरी थोडा स्पीड फुकटात मिळतो.

आता ओव्हरक्लॉक. पॉवरची १६ पिन केबल पूर्ण आत बसलीये ना बघा, कनेक्टरपासून साधारण साडेतीन सेंटीमीटर ती सरळच राहू द्या, वाकवायची ती त्यापुढे. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट वर न्या, कोअर क्लॉक +५० मेगाहर्ट्झवर ठेवा, मग ३०-३० ने वाढवा. प्रत्येक वेळी रे ट्रेसिंगवाला गेम किंवा बेंचमार्क चालवा, फरमार्कवर (कार्डावर प्रचंड ताण टाकणारं टेस्ट ॲप) विसंबू नका, तिथे कार्ड पॉवर लिमिटला आपटून क्लॉक खाली आणतं आणि तुमचा वरचा क्लॉक टेस्टच होत नाही. क्रॅश झालं की दोन पायऱ्या मागे.

मेमरी वेगळी टेस्ट करा, कोअर मूळ सेटिंगवर ठेवून. इथे बरेच जण फसतात, कारण जीडीडीआर६एक्स मध्ये चूक झाली की डेटा पुन्हा पाठवला जातो, म्हणून क्रॅश होत नाही, स्क्रीनवर काही दिसत नाही, फक्त बेंचमार्कचा स्कोअर गुपचूप पडतो. म्हणून +२०० च्या टप्प्याने वाढवा, दर टप्प्याला स्कोअर लिहून ठेवा आणि जिथून तो घसरायला लागेल त्याच्या एक टप्पा अलीकडे थांबा.

खरं सांगायचं तर रोजच्या वापराला मी अंडरव्होल्टच करेन, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवेन. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, कुठल्या व्होल्टेजला किती क्लॉक हे दाखवणारा कर्व्ह उघडेल, ४०९० असेल तर ९५० मिलिव्होल्टचा पॉइंट २६०० मेगाहर्ट्झच्या आसपास उचला आणि त्यापुढची रेष सपाट करा. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे थोडं व्होल्टेज कमी केलं तरी वॉट भरपूर वाचतात, पंखे शांत होतात, आणि एफपीएस मधला फरक मीटर न लावता सहसा कळत पण नाही. प्रत्येक चिप वेगळी असते, दुसऱ्याचा आकडा तुमच्याकडे चालेलच असं नाही, क्रॅश झालं तर २५-५० मेगाहर्ट्झ खाली या. आणि आठवडाभर सगळे गेम नीट चालेपर्यंत विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करायचा पर्याय बंदच ठेवा, नाहीतर चुकीचं सेटिंग दर बूटला परत डोक्यावर बसेल.