काळ्या जमिनीत डवरणी यंत्राची चाचणी : पावसाआधीची तयारी

नागपूर परिसरातील भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य असा ओलावा, मोजकेच दिवस टिकतो. त्याआधी चिखल पासेला (तण कापणाऱ्या आडव्या पात्याला) लिंपतो आणि नंतर ढेकळे निघतात. त्यामुळे डवरणी यंत्राची, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधली तणे काढणाऱ्या यंत्राची, वेल्डिंग, रंगकाम, नट-बोल्टची जुळवाजुळव ही सारी कामे मे महिन्यातच उरकावीत. जुलैमध्ये वाफसा आलेला असताना सुटा भाग आणायला हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत धावावे लागले, तर त्या हंगामाची चाचणी गेलीच म्हणून समजावे.

आरेखन पिकाच्या अंतरावरून ठरवावे. सोयाबीनच्या दोन तासांत (पिकाच्या ओळींत) ४५ सेंटिमीटर अंतर असेल, तर दोन्ही बाजूंना साडेसात सेंटिमीटर जागा सोडून पास ३० सेंटिमीटरची ठेवावी. कपाशीचे अंतर शेतागणिक बदलते, म्हणून फण सरकवता येतील अशी चौकट असावी. पासेच्या किमान दोन जोड्या, एक तीव्र आणि एक उथळ कोनाची, तयार ठेवाव्यात, कारण कोणती कमी चिकटेल हे कागदावर ठरत नाही. फिरत्या पात्यांचे यंत्र असल्यास पात्यांवरील संरक्षक पत्रा बसवल्याशिवाय ते सुरूच करू नये.

अपेक्षित कामाचा हिशेब आधीच मांडावा. एका वेळी एक ओळ, म्हणजे ०.४५ मीटर रुंदी, आणि ताशी २ किलोमीटर वेग धरल्यास सैद्धांतिक क्षमता ताशी ०.०९ हेक्टर येते. वळणे आणि थांबे धरून कार्यक्षमता ७५ टक्के मानली, तर एका एकराला सुमारे सहा तास लागतील. प्रत्यक्ष वेळ याहून फार वाढला, तर दोष यंत्रात आहे की बांधाजवळच्या वळणात, हे तपासावे.

मोजमापाच्या साहित्यात ओढशक्ती मोजण्याचा डायनामोमीटर, स्टॉपवॉच, टेप, मातीच्या नमुन्यांचे डबे आणि तणे मोजण्यासाठी एक मीटर बाजूची सळईची चौकट असावी. मातीचा नमुना १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवावा लागतो, म्हणून जवळच्या प्रयोगशाळेतील ओव्हनची सोय आधीच करून ठेवावी. ओलाव्याची नोंद नसलेल्या चाचणीचे आकडे दुसऱ्या चाचणीशी ताडून पाहता येत नाहीत.

सर्वांत जास्त काळजी तणांच्या मोजणीत घ्यावी. चौकटीतील तणे डवरणीपूर्वी आणि नंतर मोजून टक्केवारी काढतात, पण तासातली तणे आणि दोन तासांमधली तणे स्वतंत्र लिहावीत, कारण तासातल्या तणाला पास पोहोचतच नाही आणि तिथे निंदणाला बायाच लागतात. लव्हाळ्याचा पाला कापला जातो आणि यंत्र उत्तम चालल्यासारखे दिसते. मात्र जमिनीतील गाठींतून तो पुन्हा फुटतो. म्हणून त्याच चौकटींच्या जागी खुंट्या ठोकून, दहा-पंधरा दिवसांनी दुसरी मोजणी करण्याचे नियोजन ठेवावे. तुटलेल्या व उपटलेल्या रोपांची नोंदही त्याच वहीत करावी.

शेत निवडताना तुलनेसाठी एक पट्टा हाताने निंदण्यासाठी आणि एक बैलांच्या डवऱ्यासाठी राखावा आणि शेतकऱ्याशी तशी बोलणी पेरणीपूर्वीच करावीत.