जुन्या पेट्रोल मोटारीसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निवडताना

गॅरेजमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरच्या नळीतला भाग, बदलायला सांगितले, तर नव्याचा भाव विचारण्याआधी जुना कशाने गेला याचा छडा लावून घ्यावा. स्कॅनरवर पी ०४२० हा कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड दिसला एवढ्यावरून निर्णय घेणे घाईचे ठरते, कारण कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर बिघडला किंवा सायलेन्सरच्या जोडातून गळती होत असली तरीही तोच कोड येऊ शकतो. गाडी थंड असताना कन्व्हर्टर हाताने थोपटल्यावर आतून खडखड ऐकू आली, तर मात्र सिरॅमिकची जाळी फुटली आहे असे समजावे. एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर न जळलेले पेट्रोल आत जाऊन पेटते आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल, तर जाळीवर असलेल्या प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या थरावर राख बसते. हे दोष तसेच ठेवले, तर नवा भागही त्याच वाटेने जातो.

निवड मॉडेलच्या नावावरून नव्हे, तर चासी नंबरवरून करावी. पुणे, मुंबई, सोलापूर या शहरांत बीएस ४ (भारत स्टेज ४) हे प्रदूषणाचे निकष २०१० मध्ये आले, देशभर मात्र २०१७ मध्ये. त्यामुळे २०१२ च्या दोन सारख्याच दिसणाऱ्या गाड्यांपैकी पुण्यात नोंदलेली बीएस ४ आणि नांदेडमधली बीएस ३ असू शकते. कन्व्हर्टर मॅनिफोल्डला (इंजिनमधून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांना) जोडून आहे की गाडीच्या पोटाखाली, फ्लँजची (जोडावरच्या पट्टीची) भोके आणि सेन्सरचे आटे जुळतात का, हे जुना भाग शेजारी ठेवूनच पाहावे. डिझेल गाडीचा कन्व्हर्टर येथे चालत नाही.

कंपनीचा भाग महाग असतो, म्हणून बाहेरचा घेण्यास हरकत नाही, पण त्यावर निकषाचा उल्लेख आणि लेखी वॉरंटी हवी. वापरलेला घेणे मला पटत नाही. घ्यायचाच असेल, तर एका तोंडातून टॉर्च मारून पाहावे. बारीक चौकटींतून प्रकाश सारखा दिसला पाहिजे. पलीकडचे सरळ मोकळे दिसले, तर आतील जाळी तिच्यावरच्या मौल्यवान धातूंसाठी आधीच कुणीतरी काढून विकलेली असते. त्याच कारणाने आपला जुना भागही गॅरेजमध्ये सोडू नये, त्याची किंमत बिलातून वळती करून घ्यावी.

बसवताना जोडातले गॅस्केट (गळती रोखणारी चकती) नवे घालावे आणि इंजिन पूर्ण तापल्यावरच पीयूसी करावी. बीएस ४ पेट्रोल गाडीला आयडलवर (गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे.