लहानपणचा वाचक शोधताना : मोठेपणी वाचनाकडे परतण्याची एक रीत

लहानपणी पुस्तकात डोके खुपसून बसणारी, जेवायला बोलावण्यासाठी दहा हाका माराव्या लागणारी कितीतरी माणसे चाळिशीत ‘हल्ली वाचनच होत नाही’ अशी खंत व्यक्त करतात, आणि त्यावर उपाय म्हणून वर्षाला अमुक इतकी पुस्तके संपवण्याचा संकल्प करतात. तो संकल्प सहसा टिकत नाही, कारण ज्या वयात वाचनाची गोडी लागली त्या वयात आपण आकडा गाठण्यासाठी वाचत नव्हतो. बालपणातून मोठेपणाकडे विशिष्ट पुस्तकांची आवड फारशी येत नाही. वाचण्याची रीत मात्र येते, असे माझे ठाम मत आहे. पुस्तक कोणी निवडायचे, कुठे बसायचे, नावडल्यास मध्येच सोडायची मुभा आहे का, आवडल्यास पुन्हा वाचता येते का, या सगळ्याची मिळून ती रीत बनते. ती ओळखून आजच्या दिनक्रमात बसवणे, एवढेच काम येथे करायचे आहे.

सुरुवात एका वहीपासून करावी. साधारण सात ते चौदा या वयात वाचलेली आणि आजही आठवणारी पाच-सहा पुस्तके घ्यावीत आणि प्रत्येकासाठी एक पान ठेवावे. पुस्तकाचे नाव आठवले नाही तरी बिघडत नाही. ते हाती कसे आले, ते कुठे आणि कोणत्या वेळी वाचले, उजेड कुठून येत होता, आजूबाजूला कोण होते, किती वेळा वाचले आणि वाचून झाल्यावर त्याबद्दल कोणाशी बोललो का, हे मात्र आठवेल तितके सविस्तर लिहावे. ‘मला गोष्टी आवडायच्या’ अशा मोघम वाक्याचा पुढे काहीच उपयोग होत नाही.

माझ्या वहीतले एक पान सांगतो. माझ्याकडे एका साहसकथेची जुनी प्रत होती, आणि तिचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या सोळा पानांचा गठ्ठा, निखळून हरवलेला होता. नायक खडकाच्या कडेला लोंबकळत असताना, वाक्याच्या मध्यावरच पुस्तक संपत असे. शिवणीचा सैल दोरा तेवढा मलपृष्ठाला चिकटून राहिला होता. मी ते पुस्तक अनेकदा वाचले आणि दर वेळी शेवट स्वतः रचला. हे लिहून काढेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते की आजही मला रमवणारे वाचन म्हणजे थांबून, पुढे काय होईल याचा अंदाज बांधत केलेले वाचन, आणि एका बैठकीत पुस्तक संपवण्याच्या घाईत मी नेमका तोच आनंद गमावत होतो. तेव्हापासून प्रकरण संपले की मी पुस्तक मिटतो आणि दोन ओळी अंदाज लिहितो. वाचनाचा वेग कमी झाला, पण वाचन पुन्हा रोजचे झाले.

आपली पाने भरली की त्यांत पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट शोधावी. बहुतेकांच्या वहीत पुनर्वाचन सापडते. मूल एकच पुस्तक दहा वेळा वाचते, कारण परिचित मजकुरात शब्दांशी झगडावे लागत नाही आणि लक्ष बारकाव्यांकडे वळते. मोठेपणी आपण पुनर्वाचनाला वेळेचा अपव्यय समजतो. वाचन तुटलेल्या माणसाने मात्र पहिले पुस्तक पूर्वी वाचलेलेच घ्यावे. पाने उलटण्याची लय परत मिळवण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. काहींच्या वहीत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवल्याची आठवण असते. त्यांनी श्राव्य पुस्तकांना कमी प्रतीचे वाचन मानू नये.

काहींच्या पानांवर मात्र सक्ती दिसते: वाचून झाले की सारांश लिहा, प्रश्नांची उत्तरे द्या. अशा वाचकाला नावडते पुस्तक अर्ध्यावर टाकताना आजही अपराधी वाटते, आणि ते एक पुस्तक उशाशी महिनोन्महिने पडून राहिल्याने दुसरे हातात घेतले जात नाही. त्याने पन्नास पानांची मर्यादा ठरवावी आणि तेवढ्यात मन लागले नाही तर पुस्तक निःसंकोच परत करावे.

ज्यांची वही जवळजवळ कोरीच राहते त्यांनी खचून जाऊ नये. लवकर वाचू लागलेले मूल अधिक वाचते, त्यामुळे त्याचा शब्दसंग्रह वाढतो आणि वाचन आणखी सोपे होते, या चक्राला वाचनाचे अभ्यासक मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी 1986 साली ‘मॅथ्यू परिणाम’ म्हटले; ‘ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी मिळते’ या बायबलमधील मॅथ्यूच्या वचनावरून हे नाव आले. अ‍ॅन कनिंगहॅम आणि स्टॅनोविच यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिलीतील वाचनक्षमतेचा अकरावीतील वाचनाच्या प्रमाणाशी संबंध आढळला. नमुना अवघ्या 27 विद्यार्थ्यांचा होता, हे विसरू नये. मात्र त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो: सुरुवातीची क्षमता कितीही असली तरी, जे अधिक वाचत राहिले त्यांची समज अधिक वाढली.

सापडलेली रीत आता रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला जोडावी. ‘रात्री वेळ मिळाला की’ असे न ठरवता ‘दात घासून झाले की खिडकीजवळच्या खुर्चीत दहा पाने’ असे ठरवावे आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात नवे वर्तन अंगवळणी पडण्याचा मध्यक काळ (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) 66 दिवस आला. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणासाठी हा काळ अंदाजे 254 दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत फारसा फरक पडला नाही. म्हणून खाडा झालाच तर दुसऱ्या दिवशी वीस पाने वाचून भरपाई करू नये, दहाच वाचावीत.

दोन महिन्यांनी त्याच वहीत सध्याच्या पुस्तकासाठी एक पान घालावे आणि तेच प्रश्न पुन्हा विचारावेत: हाती कसे आले, कुठे बसून वाचले, उजेड कुठून येत होता, कोणाशी बोललो. जी ओळ रिकामी राहील, तेथून पुढच्या महिन्याची सुरुवात करावी.