फोर बाय फोर घेताय? मग व्हेरियंट असं ठरवा

पुण्यात सध्या दर दुसऱ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक महिंद्राची थार नाहीतर मारुतीची जिम्नी दिसते, आणि नवीन घेणारे सगळे एकच प्रश्न विचारतात, टॉप मॉडेल घेऊ का मधलं घेऊ. माझं उत्तर पहिल्यापासून एकच आहे, गाडीत जे नंतर बसवता येत नाही ते आधी बघा आणि त्याच्यावर पैसे घाला, बाकीचं नंतर. स्क्रीन मोठी करता येते, स्पीकर बदलता येतात, सीट कव्हर लक्ष्मी रोडला जाऊन नाहीतर नाना पेठेत शोधून टाकता येतात. पण ट्रान्सफर केस (इंजिनची पॉवर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारा भाग), लो रेंजचा गिअर, मागचं डिफरन्शियल लॉक (या दोन्हींबद्दल पुढे सांगतो), इंजिन, गिअरबॉक्स, एअरबॅग हे सगळं कंपनीतूनच यायला लागतं, नंतर बाहेरून बसवायचं म्हणजे डोकेदुखी आणि वर वॉरंटीचा प्रश्न.

म्हणून ब्रोशर हातात घेतलं की पहिलं पान बघूच नका. शेवटच्या पानावर तो मोठा तक्ता असतो ना, कुठल्या व्हेरियंटला काय काय आहे तो, तिथून सुरुवात करा. फोर बाय फोर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना पॉवर, कुठल्या व्हेरियंटपासून सुरू होतं, कुठल्या इंजिनाबरोबर आणि कुठल्या गिअरबॉक्सबरोबर मिळतं एवढं पेनानं गोल करा. बऱ्याच लोकांना शोरूममध्ये गेल्यावर कळतं की जी गाडी आवडलीय तिच्यात मागच्याच चाकांना पॉवर आहे. रॉक्सचंच, म्हणजे पाच दरवाज्यांच्या थारचंच बघा, २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाँच झाली तेव्हा पेट्रोलला फोर बाय फोर नव्हतंच, ते फक्त डिझेलला, आणि डिझेलमध्येही एमएक्स ५ ला मॅन्युअल, एएक्स ५ एल ला ऑटोमॅटिक आणि एएक्स ७ एल ला दोन्ही. म्हणजे एमएक्स १ नाहीतर एमएक्स ३ ची किंमत बघून बजेट बांधलं आणि डोक्यात मात्र राजमाचीचा कच्चा रस्ता असेल तर गणित तिथेच चुकलं. स्कॉर्पिओ एन मध्ये पण तसंच, फोर बाय फोर डिझेललाच आणि ते पण ठराविक व्हेरियंटलाच. व्हेरियंटची नावं आणि यादी कंपन्या सतत बदलतात, तीन दरवाज्यांच्या थारची नावं पण २०२५ मध्ये बदलली, त्यामुळे बुकिंग करायच्या दिवशीचंच ब्रोशर मागा, मागच्या वर्षीच्या व्हिडिओवर जाऊ नका.

याच्या अगदी उलट जिम्नी. झेटा घ्या नाहीतर अल्फा घ्या, फोर बाय फोर दोन्हीला, लो रेंज दोन्हीला, सहा एअरबॅग दोन्हीला, इंजिन तेच १.५ लिटर पेट्रोल. चिखलात आणि दगडात दोघी सारख्याच चालतात. फरक आहे तो वरच्या अल्फाला मिळणारी अलॉय व्हील, मोठी स्क्रीन, ऑटो एसी, क्रूझ कंट्रोल आणि एलईडी हेडलॅम्प यांचा. यातल्या हेडलॅम्पला मी किंमत देतो, कारण जुलैमध्ये संध्याकाळी ताम्हिणीतून खाली उतरताना धुकं आणि पाऊस एकत्र आला की दिवे काय असतात ते कळतं. रात्री घाटात फिरणार असाल तर अल्फा, नाहीतर झेटा घ्या आणि उरलेले पैसे टायरला ठेवा, मी कुणालाही बिनधास्त हेच सांगेन.

गुरख्यात तर निवडायचं फार काही ठेवलेलंच नाही. आपल्या आकुर्डीच्या फोर्सची गाडी, तीन दरवाजे नाहीतर पाच दरवाजे एवढाच प्रश्न. पुढचं आणि मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक, स्नॉर्कल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी), सगळं कंपनीतूनच येतं, पाण्यातून जायची क्षमता ७०० मिलीमीटर. फक्त घेण्याआधी सोसायटीच्या पार्किंगची उंची टेपनं मोजा, गाडी दोन मीटरच्या वर उंच आहे आणि कोथरूड-बाणेरच्या स्टॅक पार्किंगमध्ये ती बसेल असं धरून चालू नका. रॉक्स पण १९२३ मिलीमीटर उंच आहे, तिच्यासाठीही मोजा.

आता डिफरन्शियल लॉकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण व्हेरियंटच्या किमतीत खरा अर्थ असलेला फरक हाच असतो आणि सेल्सवाले याच्यावर दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाहीत.

फोर बाय फोर लावलं म्हणजे चारही चाकं जोर लावतात असं लोकांना वाटतं, पण तसं नसतं. फोर हाय नाहीतर फोर लो लावलं की पुढचा आणि मागचा एक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) एकमेकांना जोडला जातो, पण प्रत्येक एक्सलवरची डावी-उजवी चाकं अजून मोकळीच असतात. ज्या चाकाला पकड नाही ते नुसतं गरागरा फिरतं आणि पकड असलेलं दुसरं चाक गप्प उभं राहतं. लोणावळ्याहून राजमाचीला जाताना पाण्यानं रस्ता तिरका कापलेला असतो, तिथे नेमकं हेच होतं, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हलकं होतं, दोन्ही हवेत फिरतात आणि फोर बाय फोर असून गाडी जागची हलत नाही. इथे दोन उपाय. एक म्हणजे ब्रेक लॉकिंग, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो मग जोर पलीकडच्या चाकाला जातो. जिम्नीत हेच आहे, थारमध्येही आहे. आपल्या इकडच्या बहुतेक रस्त्यांना हे पुरतं, फक्त घाबरून ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, थोडा दाबून धरायचा, सिस्टिमला काम करायला एखादा सेकंद द्यायचा. दुसरा म्हणजे खरा लॉक, ज्यात एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि सारख्याच वेगानं फिरतात. रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये मागे इलेक्ट्रॉनिक लॉक आहे, बटण दाबलं की लागतो. तीन दरवाज्यांच्या थारला मेकॅनिकल लॉक मिळतो पण सगळ्या व्हेरियंटला नाही, तो आपोआप लागतो, आणि तुम्ही घेताय त्या व्हेरियंटला आहे की नाही हे शोरूमकडून लेखी घ्या.

मग लॉकसाठी जास्तीचे पैसे द्यायचे का? पावसाळ्यात वेल्हे, पानशेतच्या मागचे कच्चे रस्ते, राजमाची, असं नियमित जाणार असाल आणि बरोबर दुसरी गाडी नसेल तर द्या, डोळे झाकून द्या. वर्षातनं एक-दोनदा मुळशीला रिसॉर्टच्या कच्च्या रस्त्यानं जायचं असेल तर फोर बाय फोर पण लागत नाही, साधी मागच्या चाकाची गाडी, चांगले टायर आणि ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यातलं अंतर) यात काम होतं. आपण नक्की कुठे जातो याचा विचार प्रामाणिकपणे करा, कारण इथे लाखांचा प्रश्न आहे आणि ते तुमच्या कष्टाचे आहेत.

लो रेंज मात्र माझ्या मते सोडायची नाही. त्यात गिअर खूप छोटे होतात, गाडी माणसाच्या चालीनं चढते आणि उतरताना इंजिनच तिला धरून ठेवतं, ब्रेकवर उभं राहायला लागत नाही. नुसतं ऑल व्हील ड्राइव्ह लिहिलेल्या बऱ्याच एसयूव्हींना लो रेंज नसते, त्या पावसात हायवेवर छान, दगडात नाही. आणि पार्ट टाइम, म्हणजे हवं तेव्हाच लावायचं फोर बाय फोर असेल तर कोरड्या डांबरावर ते लावून फिरायचं नाही, वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळी फिरायला बघतात आणि सगळा ताण आतल्या पार्टवर येतो.

टायर आणि व्हीलचा साइज. हे कुणी बघतच नाही. टॉप मॉडेलला मोठं अलॉय देतात कारण शोरूममध्ये ते भारी दिसतं. रॉक्सच्या एएक्स ७ एल ला १९ इंची व्हील आणि २५५/६० टायर आहे, खालच्या फोर बाय फोर व्हेरियंटला १८ इंची आणि २५५/६५. आता हिशोब करा, पहिला आकडा टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये आणि दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के, तर २५५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १६६ मिलीमीटर आणि ६० टक्के म्हणजे १५३. बाहेरून टायरची उंची जवळजवळ तेवढीच, पण रिम आणि दगड यांच्यामधलं रबर १३ मिलीमीटरनं कमी झालं. चिखलात नाहीतर वाळूत टायरची हवा कमी करायला लागते, तेव्हा हेच रबर पसरून पकड देतं आणि रिमला वाचवतं. त्यात १८ इंचात ऑल टेरेन टायर (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) जास्त सहज मिळतात. म्हणजे ऑफ-रोडच्या दृष्टीनं इथे खालचं व्हेरियंट वरच्यापेक्षा चांगलं आहे, आणि ते स्वस्त पण आहे!

ग्राउंड क्लिअरन्स आणि पाण्याची क्षमता व्हेरियंट बदलला म्हणून सहसा बदलत नाही. थारला २२६ मिलीमीटर क्लिअरन्स आणि ६५० मिलीमीटर पाणी, ते फोर बाय फोरच्या महागातल्या महाग गाडीला पण तेवढंच. टॉप मॉडेल आहे म्हणून ओढ्यात जास्त झेपेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक यावर लोक भांडतात. मी म्हणतो रोजचा रस्ता बघा. हिंजवडीला नाहीतर चाकणला रोज जाणारा माणूस विद्यापीठ चौकात आणि भोसरीत जेवढा क्लच दाबतो तेवढा तो आयुष्यभर डोंगरात दाबणार नाही. थार आणि रॉक्सचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टर आहे, चढावर दगडावरून हळू काढायला तो उलट सोपा जातो, क्लच जळायची भीती नाही. मॅन्युअल स्वस्त पडतो आणि उतारावर ताबा हातात असल्यासारखा वाटतो, दोन्ही चालतं. एवढंच की ऑटोमॅटिकसाठी एक व्हेरियंट वर जायला लागत असेल तर तो खर्च रोजच्या आरामासाठी आहे हे लक्षात ठेवून करा.

सेफ्टीसाठी टॉपच घ्यायला पाहिजे असंही राहिलेलं नाही. रॉक्सला सगळ्याच व्हेरियंटला सहा एअरबॅग आहेत आणि भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पाच स्टार मिळाले. वरच्या एएक्स वाल्यांना एडास (गाडीनंच ब्रेक लावायला, लेन धरायला मदत करणारी सिस्टिम) मिळतं, ते एक्सप्रेसवेवर कामाचं आहे, कच्च्या रस्त्यावर नाही. मुंबईला सारखं जाणं-येणं असेल तर घ्या. पॅनोरॅमिक सनरूफ मुलांना आवडतो हे मान्य, घरात मुलं असतील तर तोही खर्च मी वाया म्हणणार नाही, फक्त तो ऑफ-रोडच्या खात्यात धरू नका.

आता पैशाचं. आपल्याकडे लोक एक्स-शोरूममधला फरक बघतात, ऑन-रोडमधला बघत नाहीत. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या डिझेल गाडीला १० ते २० लाखात १४ टक्के रोड टॅक्स आहे आणि २० लाखाच्या वर १५ टक्के, पेट्रोलला अनुक्रमे १२ आणि १३. आणि तो पूर्ण किमतीवर लागतो. समजा एक डिझेल व्हेरियंट साडेअठरा लाखाचं आणि त्याच्या वरचं साडेवीस लाखाचं. पहिल्याचा टॅक्स २ लाख ५९ हजार, दुसऱ्याचा ३ लाख साडेसात हजार. म्हणजे दोन लाखाचा फरक इथेच अडीच लाखाच्या आसपास गेला, इन्शुरन्स आणि लोनचं व्याज अजून धरलंच नाही. तीन दरवाज्यांच्या थारमध्ये अजून एक गंमत आहे, सप्टेंबर २०२५ नंतर चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्के जीएसटीत बसते, म्हणून १.५ डिझेल बरीच स्वस्त झाली, पण ती मागच्या चाकाची आहे. २.२ डिझेल फोर बाय फोर ४० टक्क्यांतच. म्हणून किमतीतली दरी मोठी दिसते, आणि तुम्हाला खरंच फोर बाय फोर लागणार असेल तर त्या स्वस्त किमतीकडे बघून मन बदलू नका.

मधलं व्हेरियंट घेऊन जे वाचतात त्यातनं चांगले ऑल टेरेन टायर घ्या (कंपनीच्याच साइजचे, उगाच मोठे नको), हवा भरायचा कॉम्प्रेसर, प्रेशर गेज, अडकलेली गाडी ओढायला चांगली रिकव्हरी रोप आणि ती अडकवायला शॅकल घ्या. पुढे लोखंडी बुल बार लावू नका, ते २०१७ च्या डिसेंबरपासून बंद आहेत आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणतात. आणि एक दिवस ट्रेनिंगला द्या, इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड अकॅडमी आहे, पुण्याजवळ पण क्लब लोक दिवसभराचे कार्यक्रम घेतात. त्या एका दिवसात जे शिकाल ते कुठल्याच टॉप मॉडेलात मिळत नाही. फक्त वेताळ टेकडीवर, गडांच्या पायथ्याच्या शेतात नाहीतर कोकणात किनाऱ्यावर गाडी घालून शिकू नका हो, टेकडी सगळ्यांची आहे, शेत कुणाच्या तरी घासाचं आहे, आणि भरती आली की वाळूतली गाडी ट्रॅक्टरलाही निघत नाही.

टेस्ट ड्राइव्हला गेलात की जो व्हेरियंट घेणार तोच मागा. शोरूमला बहुतेक वेळा टॉपचीच गाडी असते आणि मग सीट, आवाज, टायर सगळ्याचा अंदाज चुकतो. घरातल्या सगळ्यांना बरोबर न्या, आईला मागच्या सीटवर चढता येतं का ते तिथेच बघा, तीन दरवाज्यांच्या गाडीत हा मुद्दा सगळ्या फीचरच्या वर जातो. कोटेशनमध्ये ॲक्सेसरीजचं पॅकेज घुसवलं असेल तर काढायला सांगा, इन्शुरन्सचा बाहेरून भाव काढा, आणि बुकिंगच्या पावतीवर व्हेरियंटचं पूर्ण नाव, इंजिन, गिअरबॉक्स आणि फोर बाय फोर हे शब्द लिहून घ्या, नुसतं मॉडेलचं नाव चालणार नाही. डिलिव्हरीच्या दिवशी पेढे वाटायच्या आधी यार्डातच फोर हाय आणि फोर लो लावून बघा, मातीचा तुकडा असेल तिथे दोन-चार फूट पुढेमागे घ्या, लॉकचं बटण दाबून डॅशवर दिवा लागतो का बघा, टायरचा साइज आणि पाचवं चाक पावतीशी ताडून घ्या, आणि मगच सही करा.