चिकटलेलं ड्रेसिंग घरी कसं बदलावं

गाडीवरून घसरून सोलवटलेला गुडघा, पत्र्याने कापलेली पोटरी, टाके काढल्यावर थोडी उघडी राहिलेली जागा: डॉक्टरांनी एकदा पाहून ‘आता घरीच बदला’ म्हटलेल्या जखमांपुरतंच हे आहे. कुत्रं चावलं असेल तर साबण लावून 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं, पट्टी न बांधता लगेच रेबीजच्या लसीला जायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं हे आठवत नसेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

सगळं सामान फोडून मांडा, मग अंगठ्या-बांगड्या काढून हात साबणाने 40 ते 60 सेकंद धुवा. त्यानंतर मोबाइलला हात लावायचा नाही.

आता जुनी पट्टी. खरी अडचण इथेच असते, मलाही सुरुवातीला हीच पायरी जड गेली. जखमेतून पाझरलेली लस वाळते, गॉझ (पट्टीचं जाळीदार सुती कापड) जखमेला घट्ट धरून बसतं आणि बाजूचा कोणीतरी शहाणा सांगतो, “एका झटक्यात ओढ, कमी दुखतं.” अजिबात ओढू नका. तीन-चार दिवसांनंतर जखमेच्या तळाशी लालबुंद, दाणेदार मांस धरायला लागतं. त्यात केसांहून बारीक रक्तवाहिन्या असतात, आणि झटक्यासरशी त्या गॉझबरोबर उपटल्या जातात. म्हणजे शरीराने चार दिवसांत बांधलेलं तुम्ही एका क्षणात पाडलंत.

सलाइन (निर्जंतुक मिठाचं पाणी), नसेल तर उकळून गार केलेलं पाणी, गॉझवर ओता आणि दहा मिनिटं थांबा. पुन्हा ओता. कडा सुटल्या की गॉझ वर न उचलता कातडीला समांतर, जखमेच्या मध्याकडे दुमडत आणा. अडलं की परत भिजवा. घाई असेल त्या दिवशी ड्रेसिंगला बसूच नका. फोडलेली सलाइनची बाटली 24 तासांनंतर टाकून द्या, चार रुपये वाचवायला आठवडाभर पुरवू नका.

पट्टी निघाली की जखम नीट बघा. पहिले दोन-तीन दिवस कडा लाल, गरम, किंचित सुजलेल्या असतात. बहुतेकदा हे संसर्गाचं नव्हे, कामाचं लक्षण असतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे पोचून जंतू गिळतात, आणि दोनेक दिवसांनी मागून आलेल्या मॅक्रोफेज पेशी मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात. तळाशी पिवळसर पातळ थर दिसला म्हणून लगेच ‘पू झाला’ ओरडू नका, आणि तो खरवडू तर मुळीच नका. पू दाट, गढूळ असतो, बहुधा वासही मारतो. त्यात मुख्यतः लढून मेलेल्या याच पांढऱ्या पेशी असतात. भात खाल्ल्याने पू होतो हे साफ खोटं आहे. उलट वरण-भात, अंडी भरपूर द्या, मांस धरायला प्रथिनं लागतात.

धुवायला सलाइन पुरे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून लोकांना जंतू मरताहेत असं वाटतं. तो फेस तुमच्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो, आणि ते औषध जंतूंबरोबर नव्या पेशींनाही जाळतं. स्पिरिटचंही तेच. हळद, कॉफी, टूथपेस्ट स्वयंपाकघरात आणि मोरीत राहू द्या. पावडर डॉक्टरांनी सांगितली नसेल तर नको. तिचा गठ्ठा होतो आणि पुढच्या वेळी तोच काढत बसावं लागतं.

वरून पॅराफिन गॉझ (न चिकटणारं, मेणचट गॉझ), त्यावर साधं गॉझ, पेपर टेप. कापूस थेट जखमेवर नको, धागे अडकतात. ‘उघडी ठेव, वाळू दे’ हा सल्लाही सोडा: जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ओलसर राखलेल्या जखमेवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने येते. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. गॉझ वरपर्यंत भिजलं की बदला. जुनं ड्रेसिंग वेगळ्या पिशवीत बांधून टाका आणि पुन्हा हात धुवा.

लालीच्या कडेला पेनने रेघ मारून ठेवा. लाली रेघेपलीकडे गेली, जखमेपासून वर लाल पट्टा चढला, जांघेत किंवा काखेत गाठ आली, ताप आला किंवा दुखणं रोज वाढत गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. मधुमेह्याच्या पायाची जखम असेल तर दुखण्याची वाट बघू नका. तिथल्या नसा बधिर असू शकतात आणि साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशीही मंदावतात. अशा पायाचं ड्रेसिंग मी घरी करत नाही.